टेडी वेदरफोर्ड : एक विस्मृत पियानोवादक

मुंबईहून कलकत्त्यास जाणारा आगगाडीचा जो रस्ता नागपुरावरून जातो, तो आमच्या वऱ्हाडाच्या अगदीं मधून गेला आहे. अकोला, मुर्तिजापूर, बडनेरा हीं सर्व स्टेशनें त्याच रस्त्यावरचीं. १८६७ सालीं हा रस्ता नागपुरापर्यंत पोंचला आणि १९०० सालीं तो पुढें हावड्यास जोडला गेला. तेव्हांपासून मेलगाडी आमच्या कपाशीच्या व ज्वारीच्या शेतांमधून धडधडत जात आली आहे. लहानपणीं रात्रीं अंथरुणावर पडल्यावर दूरून तिची शिट्टी ऐकूं आली म्हणजे ह्या गाडींत कोण कोण बसलें असेल, तें कोठून आलें व कोठें जाणार, असे विचार आमच्या मनांत येत असत. आमच्या बालवाचकांसही तो अनुभव असेलच.

ज्या मनुष्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, त्याच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांपैकीं बरींच ह्या रस्त्याच्या दोन टोंकांच्या शहरांत गेलीं. आणि त्याचा देहही ह्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोंकास, कलकत्त्यास पडला. तो राजा नव्हता, सेनापति नव्हता, किंवा धर्मोपदेशकही नव्हता. तो पियानो वाजविणारा एक कृष्णवर्णीय अमेरिकन होता. त्याच्या हयातींत शांघायपासून कोलंबोपर्यंत, जेथें जेथें पाश्चात्य संगीताची बैठक होई, तेथें तेथें त्याचें नांव ठाऊक होतें. आज मात्र त्याच्याच जातीचें संगीत आवडीनें ऐकणारे पुष्कळ लोकही त्यास ओळखीत नाहींत. गुण मोठा, कष्ट मोठे, परंतु कीर्ति अल्पायुषी, असें कां व्हावें, हा प्रश्न त्याच्या चरित्रांत आहे, व म्हणूनच तें आम्हांस सांगावेंसें वाटतें.

टेडी वेदरफोर्ड ह्याचा जन्म ११ ऑक्टोबर १९०३ रोजीं अमेरिकेच्या व्हर्जिनिया संस्थानांतील पोकाहाँटस ह्या गांवीं झाला. हा गांव कोळशाच्या खाणींचा. वणी किंवा बल्लारपूर येथील खाणी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस तेथील धुळीची, काळ्या पडलेल्या भिंतींची व कष्टाळू लोकांची कल्पना करतां येईल. जवळच पश्चिम व्हर्जिनियांत ब्लूफील्ड नांवाचें कोळसा वाहून नेणाऱ्या रेल्वेचें मोठें ठाणें होतें. तेथें त्याचें बालपण गेलें. योगायोग असा कीं, ज्या वर्षीं हा मुलगा जन्मला, त्याच १९०३ सालच्या डिसेंबरांत मुंबईस अपोलो बंदरावर जमशेटजी टाटा ह्यांचें ताजमहाल हॉटेल उघडलें. पुढें तीस-पस्तीस वर्षांनीं ह्या दोघांची गांठ पडावयाची होती.

अमेरिकेंतील गुलामगिरी कायद्यानें १८६५ सालीं नष्ट झाली. म्हणजे वेदरफोर्डच्या जन्मापूर्वीं अवघीं अडतीस वर्षें. परंतु कायदा बदलला म्हणून मनें बदलतात असें नाहीं. दक्षिणेकडील संस्थानांत काळ्या लोकांसाठीं आगगाडीचे डबे निराळे, शाळा निराळ्या, पाणी पिण्याचे नळ निराळे, अशी व्यवस्था होती. आणि १८९६ सालीं तेथील सर्वश्रेष्ठ न्यायालयानें तिच्यावर आपलें शिक्कामोर्तबही केलें होतें. ज्या देशांत विहिरीवर व देवळाच्या पायरीवर माणसामाणसांत भेद केला जात असे, त्या देशाच्या वाचकांस हें अधिक समजावून सांगण्याचें कारण नाहीं. १९२७ सालीं अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठीं जी चळवळ उभी राहिली, तिची हकीकत आमच्या मुलांनीं घरच्या वडील माणसांकडून ऐकली असेलच. वेदरफोर्ड ज्या समाजांत वाढला, त्या समाजाचें दुःख ह्याच जातीचें होतें.

१९१५ सालीं, म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, तो न्यू ऑर्लिअन्स ह्या शहरीं राहावयास गेला व १९२० पर्यंत तेथें राहिला. हें शहर मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचें मोठें बंदर आहे. तेथें फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी व इंग्रज अशा अनेक जातींच्या लोकांचा संगम झाला होता. आणि जेथें लोकांचा संगम होतो, तेथें गाण्याचाही होतो. देवळांतील भक्तिगीतें, शेतांत राबणाऱ्यांचीं श्रमगीतें, मिरवणुकींतले पितळी बाजे, नाचाच्या चाली, हीं सर्व एकमेकांत मिसळून तेथें जें एक नवें संगीत तयार झालें, त्यास जाझ असें म्हणतात. वेदरफोर्ड पियानोवर हें संगीत शिकला तो येथेंच.

ह्या विद्येचें स्वरूप थोडक्यांत सांगितल्यावांचून पुढील हकीकतीची गोडी कळणार नाहीं. आमच्या प्रार्थनागृहांत जी पेटी आहे, ती वाजवितांना एक हात भात्यावर गुंतलेला असतो व दुसरा सुरांवर फिरतो. पियानोंत भाता नाहीं. त्याच्या पट्टीवर ८८ स्वर असतात, त्यांपैकीं ५२ पांढरे व ३६ काळे. आणि प्रत्येक पट्टी दाबली म्हणजे आंत एक लहानशी हातोडी ताणलेल्या तारांवर आपटते. म्हणून पियानो हा एकाच वेळीं तंतुवाद्यही आहे व ठोक्याचें वाद्यही आहे. दोन्ही हात मोकळे असल्यामुळें वादकास दोन माणसांचें काम एकट्यानें करतां येतें. वेदरफोर्डच्या काळच्या पद्धतींत डावा हात खर्जाचा एक स्वर वाजवी, लगेच उडी मारून मधल्या सप्तकांतील तीन-चार स्वर एकदम वाजवी व पुन्हां खर्जावर येई. हा त्याचा ठेका. आमच्या तबल्याडग्ग्यानें जें काम करावयाचें तें. उजवा हात त्या ठेक्यावर चाल वाजवी आणि तीच चाल पुन्हां पुन्हां नव्या अलंकारांनीं नटवी. आमचा ख्यालगायक दोन ओळींची चीज घेऊन तिचा जसा घटकाभर विस्तार करतो, तसेंच हें आहे. चीज ठरलेली, परंतु विस्तार त्या त्या क्षणीं सुचलेला. अशा वादनांत पाठांतराची चलाखी फार वेळ टिकत नाहीं. हातांत तयारी पाहिजे व डोक्यांत कल्पना पाहिजे. वेदरफोर्डपाशीं दोन्ही होतीं. तो अंगानें धिप्पाड होता व त्याचे हातही तसेच मोठे होते. त्यामुळें लांबलांबचे स्वर तो सहज एका पंजांत घेई.

१९२० नंतर तो शिकागो शहरीं गेला. त्या काळीं दक्षिणेंतील हजारों कृष्णवर्णीय कुटुंबें कामाच्या व थोड्या अधिक स्वातंत्र्याच्या आशेनें उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत जात होतीं. त्यांच्याबरोबर त्यांचें संगीतही गेलें. शिकागोंत व्हेंडोम नांवाचें एक चित्रपटगृह होतें. तेव्हां चित्रपट मुके असत. म्हणून पडद्यासमोर वाद्यवृंद बसे. तो चित्रपटास साथ करी आणि मधल्या वेळांत स्वतंत्रपणेंही वाजवी. ह्या वाद्यवृंदाचा मुख्य अर्स्किन टेट नांवाचा गृहस्थ होता. त्याच्या मंडळींत कर्णा वाजविणारा लुई आर्मस्ट्राँग होता, ज्याचें नांव पुढें जगभर झालें. आणि पियानोवर वेदरफोर्ड होता. पुष्कळ लोक चित्रपटापेक्षां ह्या मंडळींचें वादन ऐकण्यासाठींच तिकीट काढीत.

२८ मे १९२६ रोजीं ह्या वाद्यवृंदाच्या दोन चालींची ध्वनिमुद्रिका तयार झाली. एकेक बाजू अवघी तीन मिनिटांची. परंतु जाझ संगीताचे जाणकार आजही ती ऐकतात. तींत आर्मस्ट्राँगचा कर्णा व वेदरफोर्डचा पियानो एकमेकांस आव्हान देत धांवतात. त्या वेळीं वेदरफोर्ड बावीस वर्षांचा होता. शिकागोंतील पियानोवादकांत त्याची गणना अगदीं वरच्या पंक्तींत होत असे.

त्याच सुमारास पेन्सिल्व्हेनियाकडून अर्ल हाइन्स नांवाचा एक तरुण पियानोवादक शिकागोंत आला होता. हाही १९०३ सालींच जन्मलेला. म्हणजे दोघे समवयस्क. वेदरफोर्डचें वादन ऐकून हाइन्सच्या मनावर मोठा परिणाम झाला, व त्यापासून त्यानें पुष्कळ घेतलें. पुढें जाझ पियानोच्या इतिहासांत हाइन्सचें नांव युगप्रवर्तक म्हणून लिहिलें गेलें. परंतु त्या प्रवाहाचा एक झरा वेदरफोर्डच्या हातांतून निघाला होता, हें फार थोड्यांच्या ध्यानांत असतें.

येथें चरित्राचा कांटा बदलतो. १९२६ सालींच जॅक कार्टर नांवाचा एक वादक आपली मंडळी घेऊन चीन देशास निघाला, व वेदरफोर्ड त्यांत सामील झाला. व्यवहारी मनुष्य म्हणेल कीं, ही मोठी चूक झाली. कारण पुढच्या दोनच वर्षांत शिकागोंतील परिस्थिति पार बदलली. ध्वनिमुद्रिकांचा धंदा वाढला, आकाशवाणी घरोघर पोंचली, आणि १९२८ सालीं आर्मस्ट्राँग व हाइन्स ह्यांनीं मिळून ज्या तबकड्या केल्या, त्यांनीं ह्या संगीताची दिशाच ठरविली. वेदरफोर्ड तेथें असता, तर त्या खुर्चीवर कदाचित् तोच बसला असता. परंतु तो त्या वेळीं हजारों मैल दूर, शांघायच्या एका हॉटेलांत वाजवीत होता.

मग त्यास चूक म्हणावें काय? आमचें मत निराळें आहे. ज्या देशांत त्याच्या बोटांची वाहवा होई, त्याच देशांत त्यास पुढच्या दरवाजानें आंत शिरण्याची पुष्कळ ठिकाणीं मनाई होती. शांघायांत असें नव्हतें. तेथें तो चांगल्या वस्तींत राही, उंची पोषाख करी, लोक त्यास मान देत, व वेतनही उत्तम मिळे. आपल्या घरीं कीर्ति आणि अपमान एकत्र, परदेशांत कीर्ति थोडी कमी परंतु मान पुरा, अशी निवड करण्याची पाळी आली असतां मनुष्यानें काय करावें, हें ज्यानें अपमान सोसलेला नाहीं, त्यानें सांगूं नये.

शांघाय हें तेव्हां पूर्वेकडील अत्यंत गजबजलेलें शहर होतें. जगांतील सर्व राष्ट्रांचे व्यापारी, खलाशी व सैनिक तेथें येत. वेदरफोर्ड तेथील वाद्यवृंदांचा प्रमुख झाला. एकाच रात्रीं तो निरनिराळ्या नृत्यगृहांत जाऊन वाजवीत असे. १९३३ सालीं सुप्रसिद्ध कृष्णवर्णीय कवि लँग्स्टन ह्यूज शांघायास आला असतां त्याची व वेदरफोर्डची भेट झाली. दूरदेशीं आपला एक बांधव एवढ्या मानानें राहतो, हें पाहून त्या कवीस मोठें समाधान वाटलें. १९३४ सालीं वेदरफोर्ड थोडे दिवस अमेरिकेस गेला, व तेथून बक क्लेटन ह्या तरुण कर्णावादकाची सबंध मंडळी शांघायच्या कॅनिड्रोम ह्या मोठ्या रंगमहालांत वाजविण्यासाठीं घेऊन आला. हाच क्लेटन पुढें स्वदेशीं परत जाऊन काउंट बेसीच्या वाद्यवृंदांत नांवारूपास आला. म्हणजे येथेंही तेंच झालें. वेदरफोर्डनें दार उघडलें. त्या दारानें दुसरे पुढें गेले.

१९३७ सालीं जपाननें चीनवर स्वारी केली व शांघायचें तें वैभव मावळूं लागलें. तत्पूर्वींच वेदरफोर्डचें लक्ष दक्षिणेकडे वळलें होतें. जावा बेटाकडे, सिंहलद्वीपांत कोलंबोस, आणि मुख्यतः मुंबईस तो वाजवूं लागला. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत १९३५ सालीं लिऑन ॲबी ह्यानें कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांची पहिली मंडळी आणली होती. तिच्या मागून क्रिकेट स्मिथ ह्या कर्णावादकाची मंडळी आली. ह्या मंडळींत वेदरफोर्ड पियानोवर बसला, व पुढें तिचें नेतृत्वही त्याच्याकडेच आलें. अशा रीतीनें १९०३ सालीं जन्मलेला मुलगा व १९०३ सालीं उघडलेलें हॉटेल ह्यांची गांठ पडली.

ताजमहालाच्या नृत्यशाळेंत सामान्य मुंबईकरास शिरकाव नव्हता, मग आमच्या वऱ्हाडांतील शेतकऱ्याची गोष्ट दूरच. तेव्हां कोणी विचारील कीं, श्रीमंतांच्या करमणुकीची ही कथा आमच्या मुलांस कशाला? त्यास उत्तर असें आहे. ह्या अमेरिकन वादकांच्या आगमनामुळें मुंबईंतील गोमंतकीय व अँग्लो-इंडियन वादकांस एक नवी शाळाच मिळाली. गोव्याच्या पाद्रींच्या शाळांत ही मुलें लहानपणीं सारिंदा नव्हे, तर व्हायोलिन शिकत, स्वरलिपि वाचावयास शिकत. परंतु त्या क्षणीं सुचेल तें वाजविण्याची कला त्यांस कागदावरून मिळणें शक्य नव्हतें. ती गुरूच्या शेजारीं बसूनच मिळते. पुढें ह्याच पिढींतील कित्येक गोमंतकीय वादक चित्रपटांच्या संगीतांत शिरले. हळदोणें गांवचे आंतोनियो झेवियर वाझ, जे चिक चॉकलेट ह्या नांवानें प्रसिद्ध होते, ते संगीतदिग्दर्शक सी. रामचंद्र ह्यांचे साहाय्यक होते. आणि १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटांत त्यांची वादकमंडळी पडद्यावरही दिसली. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक व नायक भगवान ह्यांचा जन्म अमरावतीचा, १९१३ सालचा. आणि स्वतः सी. रामचंद्र ह्यांचें संगीतशिक्षण नागपुरास शंकरराव सप्रे ह्यांच्यापाशीं झालें. ह्याच गुरूंपाशीं मुर्तिजापुरास जन्मलेले वसंतराव देशपांडेही शिकले. ताजमहालाच्या नृत्यशाळेंत ज्यांस प्रवेश नव्हता, त्या आमच्या अकोल्याच्या व अमरावतीच्या लोकांनीं तेथील संगीताची चव अशा वळणानें, चार आण्यांच्या खुर्चीवर बसून घेतली. नदीचें पाणी पाटानें शेतांत आलें म्हणजे त्यास कोणी नदी म्हणत नाहीं, परंतु पीक त्यावरच वाढतें.

आतां त्याच्या ध्वनिमुद्रिकांविषयीं सांगूं. १९३७ च्या उन्हाळ्यांत पॅरिस शहरीं मोठें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें होतें. त्या वेळीं वेदरफोर्ड तेथें गेला. पॅरिसांत त्याच वर्षीं केवळ जाझ संगीतासाठीं ‘स्विंग’ नांवाची तबकड्यांची एक संस्था सुरू झाली होती. तिच्यासाठीं त्यानें एकट्यानें पियानो वाजवून कांहीं चाली मुद्रित केल्या. त्यांत ‘टी फॉर टू’ ही लोकप्रिय चाल आहे, आणि ‘वेदर बीटन ब्लूज’ ही आहे, जिच्या नांवांतच त्याच्या नांवावर श्लेष साधला आहे. साथीस कोणी नाहीं. दोन हात, एक पियानो व प्रत्येक बाजूस तीन मिनिटें, एवढीच सामुग्री. परंतु ह्या तबकड्या ऐकल्या म्हणजे पूर्वेकडे येऊन अकरा वर्षें झालेल्या ह्या मनुष्याच्या हातांत काय सामर्थ्य होतें, तें कळतें. डावा हात आगगाडीच्या चाकांसारखा अखंड चालतो. उजवा हात मध्येंच खट्याळपणानें थांबतो, ऐकणाऱ्यास चुकवितो, आणि नेमका समेवर येऊन मिळतो.

त्याचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण स्तुतिपाठ म्हणजे चरित्र नव्हे. स्वदेशापासून दूर राहिल्यामुळें तेथें ह्या कलेंत जे नवे नवे बदल होत गेले, ते त्यास तबकड्यांवरूनच ऐकावे लागले. समोरासमोरचा झगडा नव्हता. त्यामुळें त्याच्या वादनांत विसाव्या वर्षांची रग शेवटपर्यंत राहिली, पण तिच्यापलीकडे तो फारसा गेला नाहीं. कोठें कोठें हातांची चलाखी दाखविण्याचा मोहही दिसतो. श्रीमंत श्रोत्यांसमोर रोज रात्रीं वाजविणाऱ्या कलावंतास हा मोह टाळणें कठीणच. तथापि ह्या त्रुटी लक्षांत घेऊनही त्या तबकड्यांची जी उपेक्षा झाली, ती न्याय्य होती असें आम्हांस वाटत नाहीं. १९३९ सालीं युद्ध सुरू झालें आणि पॅरिसचा बाजार कोलमडला. अमेरिकेंत, जेथें ह्या संगीताचे इतिहास लिहिले जाणार होते, तेथें वेदरफोर्ड हें नांव तेरा वर्षांमागची एक आठवण होऊन बसलें होतें.

युद्धाच्या काळांत तो कलकत्त्यास चौरंगीवरील ग्रँड हॉटेलांत आपली मंडळी घेऊन वाजवूं लागला. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला. तेथून जे हजारों निर्वासित बंगालकडे आले, त्यांत कांहीं वादकही होते. सनई-सारखें क्लॅरिनेट वाजविणारा रूबेन सॉलोमन व गिटार वाजविणारा सेड्रिक वेस्ट हे त्यांपैकींच. दोघांसही वेदरफोर्डनें आपल्या मंडळींत घेतलें. त्याच्या त्या वाद्यवृंदांत अमेरिकन, ब्रह्मी, अँग्लो-इंडियन, गोमंतकीय असे नाना जातींचे लोक एका ठेक्यावर वाजवीत. व्यापारी गलबतावर काम करणारा जिमी विदरस्पून नांवाचा एक तरुण कलकत्त्यास उतरला असतां ह्याच मंडळींबरोबर गाइला. पुढें तो अमेरिकेंत नामांकित गायक झाला. अमेरिकन सैन्याच्या आकाशवाणीवरूनही वेदरफोर्डचें वादन प्रक्षेपित होई, आणि घरापासून दूर असलेल्या शिपायांस त्यामुळें क्षणभर घरचा भास होई.

कलकत्त्यास त्यानें कोलंबिया कंपनीसाठीं कांहीं तबकड्या केल्या. त्या काळीं तबकडीचें मुख्य द्रव्य म्हणजे लाख. आमच्या मध्य हिंदुस्थानच्या जंगलांत पळसाच्या व कुसुमाच्या झाडांवर जी सांपडते तीच. ह्या तबकड्या बहुतेक नाचाच्या गीतांच्या असून त्यांत पियानोस थोडाच वाव आहे. पियानो, मोठें तंतुवाद्य व पडघम अशा तिघांनींच बसून विस्तारानें वाजवावें, व तें एका लांब तबकडीवर सबंध उतरावें, ही पद्धति पुढें फार लोकप्रिय झाली. परंतु एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजणारी ती लांब तबकडी अमेरिकेंत निघाली १९४८ सालीं. वेदरफोर्डसारख्या वादकास तिचा केवढा उपयोग झाला असता! हाइन्स १९८३ पर्यंत जगला व त्यानें अशा कितीतरी तबकड्या केल्या. वेदरफोर्डच्या नांवावर मात्र तीन तीन मिनिटांचे विखुरलेले तुकडेच राहिले.

ज्या कलकत्त्यांत ग्रँड हॉटेलच्या दिव्यांखालीं हें संगीत चाले, त्याच शहराच्या रस्त्यांवर १९४३ सालीं दुष्काळानें मेलेल्यांचीं प्रेतें पडत होतीं. बंगालच्या त्या दुष्काळांत लाखों लोक मेले. भुकेमागून रोगराई आली. तिनें गरीब-श्रीमंत हा भेद पाहिला नाहीं. एप्रिल १९४५ मध्यें वेदरफोर्डला पटकी झाली, आणि २५ एप्रिल १९४५ रोजीं तो मरण पावला. त्याचें वय अवघें एकेचाळीस वर्षांचें होतें. युरोपांतील युद्ध संपावयास तेव्हां तेराच दिवस उरले होते.

पटकी हें नांव ऐकतांच आमच्या जुन्या माणसांच्या अंगावर कांटा येई. उन्हाळ्याच्या अखेरीस वऱ्हाडांतील गांवेंच्या गांवें ती उजाड करी, आणि लोक मरीआईचा गाडा काढून तो गांवाच्या शिवेबाहेर नेऊन सोडीत. ज्या कलकत्त्यांत वेदरफोर्ड ह्या रोगानें गेला, त्याच शहरीं १८८४ सालीं रॉबर्ट कॉख ह्यानें ह्या रोगाचे जंतु ओळखले होते, व त्याच शहरीं १८९४ सालीं हाफकिन ह्यानें त्यावरील लस लोकांस टोंचून पाहिली होती. परंतु रोग जडल्यावर शरीरांतील पाणी व क्षार झपाट्यानें निघून जातात, ते तोंडावाटे भरून काढण्याचा साधा उपाय अद्याप हातीं आला नव्हता. १९७१ सालीं बंगालमधील बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत डॉक्टर दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ व साखर घातलेलें पाणी पाजून, शेंकडा तीसच्या आसपास असलेली मृत्युसंख्या शेंकडा चाराच्या आंत आणली. सव्वीस वर्षांचें अंतर. तेवढ्यानें एक मनुष्य, आणि त्याच्याबरोबर त्याचीं न वाजलेलीं गीतें, आम्ही गमाविलीं.

असो. आतां ह्या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनीं काय घ्यावें? कीर्ति मिळविण्यासाठीं राजधानीजवळ राहावें, असा बोध कोणी काढील, व तो खोटा आहे असेंही नाहीं. आमच्या वऱ्हाडांतील हुशार मुलें पुण्या-मुंबईस जातात तीं ह्याच कारणानें. परंतु वेदरफोर्डच्या आयुष्याचा हिशेब दुसऱ्या रीतीनेंही मांडतां येतो. हाइन्सच्या बोटांत, क्लेटनच्या कर्ण्यांत, विदरस्पूनच्या गळ्यांत, आणि मुंबई-कलकत्त्याच्या अनेक अनामिक वादकांच्या हातांत तो थोडा थोडा उरला. ज्याचें नांव पुसलें गेलें, त्याचें काम पुसलें गेलें असें होत नाहीं. आमच्या गांवोगांवींचे जे शिक्षक कोणाच्याही लक्षांत न राहतां मुलांस अक्षरओळख करून देऊन गेले, त्यांची गोष्ट तरी ह्याहून निराळी आहे काय?

तथापि एवढ्यावर समाधान मानून ऐकणाऱ्यानें आपली जबाबदारी झटकूं नये. ज्यानें दिलें, त्याचें नांव घेणें हें घेणाऱ्याचें ऋण आहे. वेदरफोर्डच्या तबकड्या आज नष्ट झालेल्या नाहींत. जुन्या लाखेवरून त्या नव्या साधनांवर उतरविल्या गेल्या आहेत, व ज्यास इच्छा आहे, त्यास त्या ऐकतां येतात. ज्यांस पेटीची किंवा तबल्याची थोडी गोडी आहे, अशा आमच्या मुलामुलींनीं एकदां शांतपणें बसून त्या पॅरिसच्या तबकड्यांपैकीं एक ऐकावी. प्रथम फक्त डाव्या हाताकडे लक्ष द्यावें, दुसऱ्या वेळीं फक्त उजव्याकडे, आणि तिसऱ्या वेळीं दोहोंकडे. तीन वेळां ऐकण्यास दहा मिनिटेंही लागणार नाहींत. आणि त्यानंतर एखाद्या रात्रीं बडनेऱ्याहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज कानीं आला, तर त्या चाकांच्या ठेक्यांत कोळशाच्या गांवच्या ह्या पाहुण्याची त्यांस आठवण व्हावी, एवढीच आमची इच्छा आहे.